सोळा सिलिंडरांचं शेवटचं पर्व: बुगाटी मिस्ट्रालची पार्श्वभूमी

ऑगस्ट २०२२ मध्ये कॅलिफोर्नियात फ्रान्सच्या बुगाटी या मोटार कंपनीनं 'डब्ल्यू१६ मिस्ट्राल' ही उघड्या टपाची गाडी लोकांपुढे आणली. गाड्या फक्त ९९ आणि किंमत कर सोडून ५० लाख युरो. गाडी दिसण्याआधीच सगळ्या विकल्याही गेल्या होत्या. पण उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्या पाहत वाढलेल्या कोल्हापूरकराचं लक्ष आकड्यांवरून लगेच इंजिनाकडे जातं, आणि या गाडीची खरी गोष्टही तिथंच आहे.

गोष्ट सुरू होते १९९७ मध्ये, जपानच्या बुलेट ट्रेनमध्ये. फोक्सवॅगनचे प्रमुख फर्डिनांड पीएख यांनी प्रवासात एका पाकिटाच्या मागे १८ सिलिंडरांच्या इंजिनाचं रेखाटन केलं. दुसऱ्याच वर्षी त्यांच्या कंपनीनं बुगाटी हे नाव विकत घेतलं. प्रत्यक्ष गाडीत मात्र १८ चे १६ झाले.

सोळा सिलिंडर सरळ दोन ओळींत मांडले तर इंजिन लांबलचक होतं आणि सीटच्या मागे बसवायला जागाच उरत नाही. फोक्सवॅगनकडे उत्तर आधीच तयार होतं. १९९१ च्या सुमारास त्यांनी व्हीआर६ हे इंजिन आणलं होतं. त्यात सिलिंडरांच्या दोन ओळी एकमेकींपासून अवघ्या १५ अंशांवर असतात, त्यामुळे दोन्ही ओळींवर एकच हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, बसतं. असे आठ-आठ सिलिंडरांचे दोन संच ९० अंशांत ठेवून एकाच क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याला, जोडले की झालं डब्ल्यू१६. म्हणजे ओळी चार, पण हेड दोनच. सिलिंडर हेडचं कास्टिंग करताना कोअर, म्हणजे आतली पोकळी घडवणारा वाळूचा गाभा, जरा हलला तर पुढं काय होतं, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या मांडणीतली हिंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही. इतक्या दाटीत हवेची वाट, पाण्याची वाट आणि एकूण ६४ व्हॉल्व्ह बसवायचे, ही माझ्या मते त्या काळातली सगळ्यात धाडसी इंजिनरचना होती.

बुगाटीच्या २००५ च्या व्हेरॉन गाडीत हे आठ लिटरचं, चार टर्बोचं (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्यांचं) इंजिन १,००१ अश्वशक्ती देत होतं आणि गाडी ताशी ४०० किमीच्या पुढं जात होती. त्या वेगात १०० लिटरची टाकी सुमारे १२ मिनिटांत रिकामी व्हायची. २०१६ मध्ये शिरॉन आली ती १,५०० अश्वशक्ती घेऊन. तिच्यात टर्बो मोठे केले आणि कमी फेऱ्यांवर आधी दोनच चालतील, बाकीचे दोन नंतर जोडले जातील अशी सोय केली. मिस्ट्रालमध्ये अश्वशक्तीचा आकडा १,६०० झाला. जर्मनीतल्या साल्झगिटरच्या कारखान्यात प्रत्येक इंजिन हातानं जोडलं जायचं.

उघड्या टपाच्या मोठ्या गाडीचं आपल्याकडे अप्रूप जुनंच आहे. कोल्हापूरच्या दसरा चौकात सोनं लुटायच्या सोहळ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार येते, तेव्हा मुजरा झाल्यावर माणसं त्या लांबलचक बॉनेटकडे बघत राहतात. मेबॅक कंपनीची सुरुवात झेपलिन या वायूभरल्या हवाई जहाजांची इंजिनं करण्यासाठी १९०९ मध्ये झाली. बुगाटीचे संस्थापक एत्तोरे बुगाटी यांनी आजच्या फ्रान्समधल्या मोल्सहाइमला कारखाना थाटला तोही त्याच वर्षी.

मिस्ट्राल हे नाव दक्षिण फ्रान्समधल्या जोरदार वाऱ्याचं. टप नसल्यामुळे इंजिनाला हवा कुठून द्यायची हा प्रश्न होता, म्हणून डोक्यामागं कार्बन फायबरच्या दोन कमानी उभ्या केल्या. गाडी उलटलीच तर तिचा सगळा भार या कमानी पेलतात. गियरच्या मुठीत अंबर, म्हणजे राळेचा पिवळसर खडा, बसवलेला आहे आणि त्यात एत्तोरेंचे भाऊ, शिल्पकार रेम्ब्रांट बुगाटी यांचा नाचरा हत्ती आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये जर्मनीतल्या पापेनबुर्गच्या चाचणी ट्रॅकवर बुगाटीचे चालक अँडी वॉलेस यांनी ही गाडी ताशी ४५३.९१ किमी वेगानं पळवली. उघड्या टपाच्या गाडीचा तो विक्रम ठरला.

एवढं सगळं साधूनही हे इंजिन थांबलं, कारण धुराचे नियम कडक होत गेले आणि विजेची जोड घेतल्याशिवाय पुढची मजल मारणं अवघड झालं. २०२१ मध्ये बुगाटीची सूत्रं विजेच्या गाड्यांत मुरलेल्या क्रोएशियाच्या रिमाक कंपनीसोबतच्या भागीदारीत गेली. मिस्ट्राल ही रस्त्यावर चालणाऱ्या गाड्यांच्या मालिकेत डब्ल्यू१६ ची शेवटची. पण या इंजिनाचा जीव तिथंच गेला नाही. २०२५ मध्ये एकाच ग्राहकासाठी घडवलेली ब्रुइयार ही गाडी याच इंजिनावर आहे.

२०२४ च्या जूनमध्ये दाखवलेल्या बुगाटीच्या तूर्बियों या नव्या गाडीतही सिलिंडर सोळाच आहेत, पण इंग्रजी व्ही अक्षरासारख्या दोन ओळींत, टर्बोशिवाय आणि सोबत विजेच्या मोटारी. हे ८.३ लिटरचं इंजिन इंग्लंडच्या कॉसवर्थनं तयार केलं असून ते मिनिटाला ९,००० फेऱ्यांपर्यंत जातं. अशा २५० गाड्या बनणार आहेत.