शाळेतल्या बाई आणि मत्स्यालयातला खून

न्यूयॉर्कच्या मत्स्यालयात एका शाळेची सहल आलेली असते. बाईंच्या टोपीची पिन हरवते आणि थोड्याच वेळात पेंग्विनच्या टाकीत एका शेअर दलालाचं प्रेत सापडतं. तोंडात सिगार धरून इन्स्पेक्टर पायपर येतो आणि संशयित ठरवायची घाई करतो. बाई त्याला असं सहजासहजी करू देत नाहीत. हॉलिवूडच्या आरकेओ कंपनीचा ‘द पेंग्विन पूल मर्डर’ हा चित्रपट १९३२च्या डिसेंबरात आला. विनोद आणि खुनाचं रहस्य एकत्र आणणारा ‘द थिन मॅन’ आजही सगळ्यांना आठवतो. तो १९३४चा, म्हणजे या बाईंच्या नंतरचा. त्या मानाने या बाई, म्हणजे मिस हिल्डगार्ड विदर्स, फारच विस्मरणात गेल्या, आणि ते मला मनापासून खटकतं.

खुनाची जागा खरी होती. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला, बॅटरी भागात एक गोल दगडी किल्ला आहे. ब्रिटिशांशी १८१२ साली युद्ध पेटलं, त्याच्या आदल्याच वर्षी तो बांधून झाला होता. पुढे त्याचं सभागृह झालं आणि १८५०मध्ये स्वीडिश गायिका जेनी लिंड तिथे गायली. १८५५ ते १८९० या काळात युरोपातून आलेले लाखो लोक याच दारातून अमेरिकेत शिरले. १८९६मध्ये तिथे मत्स्यालय उघडलं, ते १९४१पर्यंत चाललं. चित्रपट ज्या कादंबरीवरून निघाला, तिच्यात खून तिथे घडवायची कल्पना लेखकाची नव्हती, प्रकाशकाने ती सुचवली होती.

हा लेखक म्हणजे विस्कॉन्सिनमधल्या बाराबू गावचा स्टुअर्ट पामर. १९३१ साली ही कादंबरी आली तेव्हा तो पंचविशीतला होता. पुढे त्याने सांगितलेली हकिगत मोठी रंजक आहे. पक्का आराखडा न करताच त्याने लिहायला घेतलं होतं. शाळेतल्या बाई त्यात जरा हशा पिकवण्यापुरत्याच, एक दुय्यम पात्र म्हणून होत्या. पण लिहिता लिहिता बाकीची पात्रं पुठ्ठ्याची वाटू लागली आणि बाईंनी गोष्ट ताब्यात घेतली. शेवटी तपासही त्यांच्याच हाती आला. ज्या इंग्रजीच्या बाईंनी शाळेत त्याला सळो की पळो करून सोडलं होतं, त्यांची छाया या पात्रावर आहे.

प्रौढ, अविवाहित बाईने खुनाचा छडा लावणं तेव्हा नवं नव्हतं. ॲना कॅथरिन ग्रीनने १८९७मध्येच अमेलिया बटरवर्थ उभी केली होती आणि अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल १९३०मध्ये कादंबरीत आली होती. विदर्सबाईंचं वेगळेपण असं, की त्या पगारावर जगणाऱ्या शहरी नोकरदार आहेत. अमेरिकेत तेव्हा कितीतरी ठिकाणी लग्न झालं की शिक्षिकेची नोकरी जायची. त्यामुळे हे पात्र प्रेक्षकांच्या रोजच्या पाहण्यातलं होतं. बाईंची तपासाची पद्धतही वर्गातलीच आहे. वर्गभर पोरांच्या थापा रोज ऐकणाऱ्या बाईंना साक्षीदार कुठे अडखळला ते चटकन कळतं.

पडद्यावर हे जमलं ते एड्ना मे ऑलिव्हरमुळे. १९२७च्या ‘शो बोट’ या ब्रॉडवेवरच्या संगीतिकेत तिने करारी पार्थी ॲन उभी केली होती. लांब चेहरा, तिरकस नजर आणि नाकातून काढलेला एक हुंकार, एवढ्यावर ती समोरच्याला गप्प करायची. पायपर झालेला जेम्स ग्लीसनही तोडीस तोड होता. दोघंही पन्नाशीच्या आसपासचे, आणि तरीही चित्रपट यांच्याच खांद्यावर! तेव्हाच्या हॉलिवूडमध्ये हे अशक्य नव्हतं. साठी ओलांडलेली मेरी ड्रेसलर १९३२ साली तिकीटबारीवर पहिल्या क्रमांकाची तारका होती. शिवाय आरकेओची तिजोरी रिकामी होत आली होती. जानेवारी १९३३मध्ये कंपनी न्यायालयाने नेमलेल्या व्यवस्थापकाच्या हाती गेली. मोजक्या सेटवर उरकणारा रहस्यपट अशा कंपनीला परवडणारा होता.

पहिल्या चित्रपटाच्या शेवटी पायपर बाईंना लग्नाची मागणी घालतो. १९३४च्या ‘मर्डर ऑन द ब्लॅकबोर्ड’मध्ये मात्र लग्नाचं नावही नाही. दोघं पुन्हा तशीच भांडतात. माझ्या मते हा बदल फार शहाणपणाचा होता, कारण या जोडीची सगळी गंमत त्या न जुळण्यातच आहे. १९३५चा ‘मर्डर ऑन अ हनिमून’ कॅटालिना बेटावर घडतो. त्याच्या पटकथेला रॉबर्ट बेंचली या विनोदी लेखकाचा हात लागला होता.

त्यानंतर ऑलिव्हर एमजीएम या दुसऱ्या चित्रपट कंपनीकडे गेली आणि मालिकेचा कणाच मोडला. हेलन ब्रॉडरिक एकदा विदर्सबाई झाली, झासू पिट्स दोनदा. ग्लीसन तोच होता, पण १९३७मध्ये सगळं थांबलं. पिट्सची हसू आणणारी घाबरट लकब मला एरवी आवडते. या भूमिकेत मात्र ती चालत नाही, कारण विदर्सबाई गोंधळल्या की तपासाचा आधारच जातो.

१९५०मध्ये पामर आणि रहस्यकथालेखिका क्रेग राइस यांच्या कथेवर एमजीएमने ‘मिसेस ओ’मॅली अँड मिस्टर मलोन’ काढला. त्यात विदर्सबाईंना काढून त्यांच्या जागी दुसरंच पात्र घातलं. १९७२च्या एका दूरचित्रवाणीपटात ईव्ह आर्डन विदर्सबाई झाली. ‘अवर मिस ब्रुक्स’ या विनोदी मालिकेतली शिक्षिका म्हणून अमेरिकेच्या घराघरांत ती आधीच ओळखीची होती.