कोऱ्या लायसन्सची रांग : नव्या वैमानिकांच्या नोकरी-पगाराची पार्श्वभूमी

फेब्रुवारी २०२३मध्ये एअर इंडियाने ४७० विमानांची मागणी जाहीर केली आणि जूनमध्ये इंडिगोने ५०० विमानांची. तेव्हापासून ‘देशात वैमानिकांचा तुटवडा’ ही बातमी अधूनमधून येते आणि बारावी सायन्सच्या मुलांचे पालक बँकेत शैक्षणिक कर्जाची चौकशी करायला जातात. तुटवडा खरा आहे, पण तो मुख्यतः कमांडरचा, म्हणजे हजारो तास उड्डाण केलेल्या कॅप्टनचा. नुकतेच २०० तास भरून सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचे लायसन्स, घेतलेल्यांची रांग आजही लांब आहे. ती का लागली आणि तिचा खर्च घरच्यांच्या अंगावर कसा आला, हे समजून घेतल्याशिवाय कोणी कर्जाच्या कागदावर सही करू नये, असे मला मनापासून वाटते.

मुंबईत जुहूला १९२८मध्ये बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना भारतात दिलेले पहिले वैमानिक लायसन्स मिळाले. तेव्हा विमान चालवणे ही श्रीमंतांची हौस होती. १९५३मध्ये विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर मात्र ती सरकारी नोकरी झाली. फ्लाइंग क्लबांना सरकारी अनुदान मिळे. इंडियन एअरलाइन्सने घेतलेला नवा वैमानिक हैदराबादच्या केंद्रात मोठ्या विमानाचे प्रशिक्षण घेई, आणि तो खर्च कंपनीचा असे. ऐंशीच्या दशकात रायबरेलीजवळ फुरसतगंजला इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमी उभी राहिली. जागा मोजक्याच होत्या, पण एकदा निवड झाली की पुढची वाट बऱ्यापैकी आखलेली असे.

१९९३च्या सुमारास जेट एअरवेजसारख्या खासगी विमान कंपन्या आल्या आणि सरकारी कंपनीचे वैमानिक तिकडे जाऊ लागले. त्यांना थोपवण्यासाठी इंडियन एअरलाइन्सने उत्पादकतेशी जोडलेला भत्ता सुरू केला. मूळ पगार लहान आणि उड्डाणाच्या तासांवर मिळणारी रक्कम मोठी, ही पद्धत तेव्हापासून घट्ट झाली. आजच्या नव्या पोराच्या पगारपत्रकावर तिचीच छाया आहे.

२००३मध्ये एअर डेक्कन, २००५मध्ये किंगफिशर आणि २००६मध्ये इंडिगो आली. वैमानिक अचानक कमी पडू लागले. परदेशी कॅप्टन आणावे लागले. बारामती, धुळे, गोंदियाच्या धावपट्ट्यांवर प्रशिक्षणाची छोटी सेस्ना विमाने घिरट्या घालू लागली. ज्यांना परवडले ते अमेरिका किंवा फिलिपिन्सला गेले. इथे शिकणाऱ्यांची गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. पावसाळ्यात ढग खाली येतात, दृश्यमानता घसरते, आडवा वारा सुटतो. मग सोलो, म्हणजे विद्यार्थ्याने एकट्याने करायची उड्डाणे थांबतात. विमान हँगरमध्ये, पोरगं हॉस्टेलवर. लॉगबुकातली तासांची नोंद पुढे सरकत नाही, पण खोलीचे भाडे आणि मेसचे बिल चालूच राहते. एका वर्षाचे म्हणून सांगितलेले प्रशिक्षण दोन वर्षांवर जाते ते असे.

आणि लायसन्स हातात येईपर्यंत बाजार बसलेला असतो. २००८ची मंदी आली, २०१२मध्ये किंगफिशर बंद पडली, १७ एप्रिल २०१९ला जेटने शेवटचे उड्डाण केले, पाठोपाठ कोविड. दर पडझडीत अनुभवी वैमानिक रस्त्यावर येतात आणि रिकामी जागा आधी त्यांना मिळते. मागच्या दशकात काही हजार सीपीएलधारक घरी बसून होते. बसूनही सुटका नाही. मेडिकल करावे लागते, इन्स्ट्रुमेंट रेटिंगचे (केवळ उपकरणांच्या आधारे विमान चालवण्याच्या पात्रतेचे) नूतनीकरण करावे लागते, आणि हात बसलेला राहावा म्हणून विकत तास उडवावे लागतात.

याच काळात कंपन्यांनी एक मोठा खर्च उमेदवारांवर ढकलला, तो म्हणजे टाइप रेटिंग. एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ चालवण्याचे हे स्वतंत्र प्रशिक्षण बरेच जण आता स्वतःच्या पैशाने घेतात. विमान कंपन्यांच्या कॅडेट प्रोग्रॅममध्ये प्रशिक्षणाआधीच निवड होते, त्यामुळे नोकरीची शक्यता चांगली असते. पण पूर्ण पॅकेज एक कोटीच्या घरात किंवा वर जाते. ८० लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने १० वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता १ लाख ५ हजारांवर जातो. नव्या फर्स्ट ऑफिसरचा, म्हणजे सहवैमानिकाचा, पगार साधारण एक ते दोन लाखांच्या दरम्यान सुरू होतो, आणि लाइन ट्रेनिंग (प्रत्यक्ष प्रवासी उड्डाणांवरचे प्रशिक्षण) पूर्ण होईपर्यंत अनेक ठिकाणी त्याहूनही कमी मिळते. हप्ता वजा जाता मुंबई-दिल्लीत भाडे कशातून भरायचे?

म्हणूनच एप्रिल २०२४मध्ये ‘विस्तारा’ या विमान कंपनीत झालेला पेच महत्त्वाचा आहे. एअर इंडियातल्या विलीनीकरणाआधी तिथल्या वैमानिकांपुढे नवा करार आला. पूर्वी उड्डाण कमी झाले तरी महिन्याला ७० तासांचे पैसे निश्चित मिळत. नव्या करारात ही हमी ४० तासांवर आली. त्यापुढे उडाल तेवढे मिळेल. वैमानिक रजेवर गेले, उड्डाणे रद्द झाली. सर्वाधिक झळ कोणाला, तर फर्स्ट ऑफिसरला, कारण कर्ज त्याचेच ताजे असते. माझ्या मते पगाराच्या आकड्याआधी विचारायचा प्रश्न हाच आहे: हमी किती तासांची?

कॅडेट प्रोग्रॅमचा पैसा नसलेल्यांसाठी इन्स्ट्रक्टर होण्याची वाट आहे. फ्लाइंग स्कूलमध्ये मोबदला बेताचा, पण तास वाढतात. राज्य सरकारच्या महाज्योती या संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी वैमानिक प्रशिक्षणाची योजना आणली आहे. अशा योजना आणखी हव्यात. नाहीतर हा व्यवसाय पुन्हा १९२९सारखा श्रीमंतांपुरता उरेल.

नोकरी लागल्यावर ती सोडणेही सोपे नाही. ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा बॉण्ड असतो, आणि डीजीसीए या नागरी विमान वाहतूक नियामकाच्या २०१७च्या नियमानुसार सहवैमानिकाला सहा महिने, तर कमांडरला वर्षभर आधी नोटीस द्यावी लागते. २०२३मध्ये नोटीस न देता गेलेल्या वैमानिकांविरुद्ध आकासा एअर मुंबई उच्च न्यायालयात गेली होती.