टॅगमधला घोळ आला कुठून?

गाण्याच्या फाइलीतच लिहिलेली नाव, कलाकार, अल्बम अशी माहिती म्हणजे टॅग, आणि ती अनेकदा चुकीची किंवा अर्धवट निघते. याची सुरुवात सीडीपासून होते. ऑडिओ सीडीवर गाण्यांची नावं नसतात. फिलिप्स आणि सोनीने १९८० साली ठरवलेल्या मानकात तबकडीच्या सुरुवातीला अनुक्रमणिका आहे खरी, पण कोणता ट्रॅक कुठे सुरू होतो एवढंच ती सांगते. नावं कव्हरवर छापलेली होती, ती प्लेअरलाही कळावीत असं तेव्हा कुणाला वाटलं नाही. तबकडीवरच नावं साठवायची सीडी-टेक्स्ट ही सोय १९९६ मध्ये आली. तोवर कोट्यवधी तबकड्या घरोघर पोचल्या होत्या, आणि नंतरही ती सोय तुरळकच वापरली गेली.

ही उणीव ऐकणाऱ्यांनीच भरून काढली. १९९३च्या सुमारास टी कान यांच्या ‘एक्सएमसीडी’ या प्लेअरमधून आणि स्टीव्ह शर्फ यांच्या साथीने सीडीडीबी हे सीडींच्या नावांचं सामायिक कोठार उभं राहिलं. ट्रॅकच्या सुरुवातीच्या वेळा, एकूण कालावधी आणि ट्रॅकची संख्या यांवरून तबकडीचा एक ओळखक्रमांक काढायचा. त्या क्रमांकावर कुणीतरी आधी टंकलेली नावं असली तर ती घ्यायची, नसली तर स्वतः टंकून पाठवायची. हा क्रमांक इतका तोकडा होता की दोन वेगळ्या तबकड्यांचा तो एकच निघे. नोंदी ११ प्रकारांत विभागलेल्या होत्या आणि एका प्रकारात एका क्रमांकाला एकच जागा. ती भरलेली असली की लोक आपली नोंद सरळ दुसऱ्या प्रकारात टाकत. जॅझची तबकडी ‘रेगे’त सापडते ती अशी. दर वेळी टंकणाऱ्याचा कान कच्चा होता असं नाही.

१९९८ मध्ये सीडीडीबी विकलं गेलं, पुढे त्याचं ग्रेसनोट झालं, आणि २००१ मध्ये परवाना नसलेल्या प्लेअरना दार बंद झालं. ज्यांनी फुकट राबून नावं भरली होती ते खवळले, आणि त्यात नवल काहीच नव्हतं. जुन्याच धर्तीचं फ्रीडीबी २०२० पर्यंत चाललं. रॉबर्ट केय यांच्या म्युझिकब्रेन्झ या संगीतमाहितीच्या कोठाराने मात्र मांडणीच बदलली. कलाकार, ध्वनिमुद्रण आणि प्रकाशित अल्बम या वेगवेगळ्या नोंदी, आणि प्रत्येकीला कायमचा ओळखक्रमांक. माझ्या मते या साऱ्या कहाणीतली खरी सुधारणा हीच.

फाइलच्या आतला घोळ वेगळा. एमपीथ्रीच्या मूळ मानकातही नावांना जागा नव्हती. १९९६ मध्ये एरिक केम्प यांनी फाइलच्या शेवटी १२८ बाइट जोडले: ‘टॅग’ या खुणेचे ३, शीर्षक, कलाकार, अल्बम आणि शेरा यांना प्रत्येकी ३०, वर्षाला ४ आणि संगीतप्रकाराला १. हेच आयडीथ्री. लांब शीर्षकं तिसाव्या अक्षरावर तुटलेली दिसली तर ती इथली. ट्रॅक क्रमांक सुरुवातीला विसरलाच होता. पुढच्या वर्षी मिखाएल मुत्शलर यांनी शेऱ्यातले २ बाइट काढून त्याची सोय केली. संगीतप्रकाराच्या यादीत ० म्हणजे ‘ब्लूज’. एखाद्या प्रोग्रॅमने ती जागा न भरता शून्यच ठेवली की भजनसुद्धा ब्लूज होतं.

१९९८ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीने टॅग फाइलच्या सुरुवातीला नेला, लांबीचं बंधन काढलं, चित्रांचीही सोय केली. पण २.३ मध्ये अनेक कलाकार तिरक्या रेघेने वेगळे करायचे ठरलं, आणि ‘एसी/डीसी’ या बँडचे दोन कलाकार झाले. सगळ्या लिप्या लिहिता येणाऱ्या युनिकोडची यूटीएफ-८ ही रीत आली ती २००० सालच्या २.४ मध्ये, आणि ही आवृत्ती विंडोज कित्येक वर्षं वाचतच नव्हतं. त्याआधी युनिकोडसाठी यूसीएस-२ ही दुसरी रीत होती, तरी अनेक प्रोग्रॅम आपापल्या संगणकाच्या लिपीतले बाइट ‘लॅटिन-१’ म्हणून, म्हणजे पश्चिम युरोपीय अक्षरांच्या संचातले म्हणून, दडपून लिहीत. देवनागरी नावांच्या जागी दिसणारी ती विचित्र चिन्हांची रांग बहुतेकदा अशीच तयार होते. म्हणूनच ती बऱ्याचदा सुधारता येते: बाइट शाबूत असतात, फक्त वाचायची रीत चुकलेली असते.

‘अल्बम कलाकार’ असा रकानाच आयडीथ्रीत नाही. बँड किंवा वाद्यवृंदासाठीची ‘टीपीई२’ ही जागा प्लेअरनी परस्पर त्या कामाला लावली. ती मोकळी राहिली की बारा गायकांचा एक संग्रह काही प्लेअरमध्ये बारा अल्बम होऊन पसरतो.

आता अकूस्टआयडीसारख्या सेवा आवाजाच्याच ठशावरून गाणं ओळखतात, टॅग पार कोरा असला तरी. पण ठसा ध्वनिमुद्रणाचा असतो, अल्बमचा नाही. तेच मुद्रण मूळ अल्बममध्ये असतं आणि निवडक गाण्यांच्या दहा संकलनांतही. सगळा संग्रह डोळे झाकून ठशांवर सोडला तर धड असलेला अल्बमही त्या संकलनांमध्ये विखुरतो. म्हणून म्युझिकब्रेन्झच्या ‘पिकार्ड’ या टॅग लावणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आधी जुन्या टॅगवरून फाइलींचे अल्बमवार गट पाडतात आणि ते गट शोधतात. ठशाची पाळी त्यानंतर, उरलेल्या फाइलींसाठी.