पत्रा, काठ आणि आधण : उघड्यावर शिजवण्यासाठी स्टीलचा कॅन्टीन-संच निवडताना

मराठीत कॅन्टीन म्हटले की उपाहारगृह आठवते. मात्र सैनिक, डोंगर चढणारे आणि रानात मुक्काम करणारे लोक ज्याला कॅन्टीन म्हणतात, ती कमरेला किंवा पाठपिशवीला अडकवायची पाण्याची बाटली असते. तिच्या बुडाकडून तिच्याच आकाराचा एक खोल पेला सरकवून बसवलेला असतो, पेल्याला घडीची मूठ असते, वेगळे झाकण असते आणि पुष्कळदा सगळ्यात खाली भोके पाडलेली पत्र्याची एक बैठक असते, जिच्यात जाळ करून वर पेला ठेवता येतो. पाणी वाहून नेणे, ते उकळणे, त्यात काही शिजवणे आणि त्याच भांड्यातून पिणे ही कामे एकमेकांत बसणाऱ्या या तीन-चार वस्तूंवर सोपवलेली असतात.

या रचनेचा सर्वांत परिचित नमुना अमेरिकी सैन्याचा, १९१० सालचा. त्यातील बाटली आणि पेला दोन्ही ॲल्युमिनियमचे होते. दुसऱ्या महायुद्धात ॲल्युमिनियमची गरज विमानांना अधिक भासू लागली, तेव्हा बाटल्या आणि पेले गंजरोधक पोलादाचेही बनू लागले. पुढे बाटली प्लॅस्टिकची झाली, पण पेला धातूचाच राहिला, कारण प्लॅस्टिक जाळावर ठेवता येत नाही. तडजोड म्हणून आलेले हे पोलाद आज अशा संचात मुद्दाम निवडले जाते, आणि त्याचे कारण केवळ टिकाऊपणात शोधले तर अर्धेच सापडते.

स्टेनलेस स्टील हा उष्णतेचा वाईट वाहक आहे. त्याची उष्णतावाहकता सुमारे १५ वॉट प्रति मीटर प्रति केल्व्हिन असते, तर शुद्ध ॲल्युमिनियमची २३५ च्या आसपास आणि तांब्याची ४०० च्या आसपास. हे आकडे पाहून स्टीलच्या पेल्यात आधण येण्यास फार वेळ लागेल असे वाटते, आणि भांड्यांच्या निवडीविषयी लिहिणारे बरेच जण तसे सांगतातही. हिशोब मात्र वेगळेच सांगतो. दहा सेंटिमीटर व्यासाचे आणि अर्धा मिलिमीटर जाडीचे स्टीलचे बूड घेतले आणि त्यातून पाण्याला दर सेकंदाला एक किलोज्यूल उष्णता मिळते आहे असे धरले, तर पत्र्याच्या खालच्या आणि वरच्या पृष्ठभागांच्या तापमानात जेमतेम चार अंशांचा फरक पडतो. एक मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियममध्ये तोच फरक एका अंशाहूनही कमी असतो. पण ज्वाळेतील वायू हजार अंशांच्या घरात आणि पाणी शंभराच्या आत असताना हे तीन-चार अंश नगण्य ठरतात. उष्णतेच्या वाटेतला खरा अडसर पत्र्याचा नसतो, तर बुडाला चिकटून असलेल्या वायूच्या पातळ थराचा असतो, आणि तो थर भांडे कोणत्याही धातूचे असले तरी तितकाच आडवा येतो.

वजनाचेही तसेच आहे. स्टीलची घनता ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट, पण स्टील अधिक ताठ आणि बळकट असल्यामुळे त्याचा पत्रा पातळ ठेवता येतो. दहा सेंटिमीटर व्यासाचा आणि बारा सेंटिमीटर उंचीचा साधा गोल पेला अर्धा मिलिमीटर स्टीलचा केला तर सुमारे १८० ग्रॅम भरतो, आणि एक मिलिमीटर ॲल्युमिनियमचा केला तर सुमारे १२० ग्रॅम. हे साठ ग्रॅम पाठीला जाणवतीलही, पण इंधनाला जाणवत नाहीत. सातशे मिलिलिटर पाणी वीस अंशांवरून शंभरापर्यंत नेण्यास सुमारे २३४ किलोज्यूल लागतात, तर त्याच वेळी १८० ग्रॅम स्टील तापवण्यास फक्त सात.

स्टीलच्या अवगुणाचा फटका बसतो तो पाणी आटून पदार्थ दाटू लागला की. पाणी पातळ असते तोवर ते स्वतःच फिरत राहते आणि बुडाची उष्णता सगळीकडे वाटून टाकते. घट्ट सूप किंवा शिजत आलेला भात असा फिरत नाही. तेथे उष्णता पत्र्यातूनच आडवी पसरायला हवी, आणि पातळ स्टील नेमके तेच करू शकत नाही, त्यामुळे ज्वाळेच्या टोकावर आलेला रुपयाएवढा भाग तापत राहतो आणि पदार्थ तेवढ्याच जागी बुडाला लागतो. यासाठी काही संचांच्या बुडाला ॲल्युमिनियमचा किंवा तांब्याचा थर जोडलेला असतो. गॅसच्या शेगडीवर तो उपयोगी पडतो. लाकडाच्या उघड्या जाळावर मात्र मी साधा एकजिनसी पत्राच पसंत करतो, कारण दोन धातू कमीजास्त प्रसरण पावून जोडावर ताण देतात, आणि पाणी आटून भांडे कोरडे पडले तर ६६० अंशांना वितळणाऱ्या ॲल्युमिनियमचा भरवसा नसतो. स्टील वितळण्यास १,४०० अंशांच्या वर जावे लागते. ज्याला मुख्यतः आधण ठेवायचे आहे त्याने एकजिनसी स्टील घ्यावे. ज्याला रोज दाट पदार्थ शिजवायचे आहेत त्याने एक तर जाड बूड घ्यावे, नाही तर सतत ढवळण्याची तयारी ठेवावी.

तीच कमी वाहकता काठाशी गुण ठरते. पेला जाळावरून उतरवून ओठाला लावला की पाण्याची उष्णता भिंतीतून वर काठाकडे चढू पाहते, पण पातळ स्टीलमध्ये ती दोन-तीन सेंटिमीटरांतच हवेत विरून जाते. ॲल्युमिनियमच्या जाड भिंतीत ती सहज काठापर्यंत पोचते. जुन्या ॲल्युमिनियमच्या पेल्यांनी सैनिकांच्या ओठांना चटके दिल्याची ख्याती यातूनच झाली. म्हणून पेला काठोकाठ भरून पिण्याची सवय नसावी, आणि खरेदी करताना काठावरून बोट फिरवून तो बाहेरच्या बाजूला गोल वळवलेला आहे याची खात्री करावी. नुसता कापलेला काठ लवकर वाकतो, आणि त्याची धार ओठाला लागते ती वेगळीच.

आकाराकडे धातूइतकेच लक्ष द्यायला हवे. अंगाला चपखल बसावी म्हणून बाटली एका बाजूने आत दबलेली असते, आणि पेलाही तसाच होतो. असे अरुंद बूड लहान शेगडीवर तोल सांभाळत नाही, आणि ज्वाळेचा मोठा भाग त्याच्या कडेने निसटून जातो. उघड्या जाळात किंवा निखाऱ्यांत हे नुकसान कमी होते, कारण तेथे भांड्याच्या बाजूही तापतात. शेगडी वापरणाराने म्हणून गोल आणि रुंद बुडाचा संच पाहावा. झाकणाला दुय्यम समजू नये. उघड्या पेल्यातून आधण येईपर्यंत पन्नास ग्रॅम पाण्याची वाफ झाली, तर तिच्याबरोबर सुमारे ११३ किलोज्यूल उष्णता जाते, म्हणजे वरच्या हिशोबातले सातशे मिलिलिटर पाणी उकळीपर्यंत नेण्यास लागणाऱ्या उष्णतेच्या जवळजवळ निम्मी. वाऱ्याने होणारा तोटा याहूनही अधिक असू शकतो, म्हणून भोकांची बैठक ही चैनीची वस्तू नाही. भोके खाली जास्त आणि वर कमी असली की हवा खालून ओढली जाते, जाळ सरळ वर चढतो आणि वारा आत शिरत नाही.

आता स्टीलच्या जातीविषयी. हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये शेफील्ड येथे बनवलेल्या पोलादापासून आजपर्यंत या मिश्रधातूचे गुपित एकच आहे : त्यात साडेदहा टक्क्यांहून अधिक क्रोमियम असले की पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा क्रोमियम ऑक्साइडचा थर तयार होतो, आणि तो खरवडला गेला तरी हवेतील ऑक्सिजनमुळे पुन्हा जमतो. भांड्यांवर १८/८ असे लिहिलेले असते त्याचा अर्थ अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल. हीच ३०४ क्रमांकाची जात. २०१ या स्वस्त जातीत निकेलचा बराचसा भाग मँगेनीज आणि नायट्रोजन भरून काढतात, आणि ती गंजाला तुलनेने लवकर बळी पडते. लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे स्टील चांगले, ही प्रचलित परीक्षा येथे फसवी ठरते. २०१ लाही चुंबक चिकटत नाही, आणि उलट उत्तम ३०४ चा पेला दाबून खोल घडवताना त्याच्या स्फटिकरचनेत बदल होऊन तो कोपऱ्यांशी किंचित चुंबकीय होऊ शकतो. जातीचा स्पष्ट क्रमांक छापलेला असणे आणि विक्रेत्याने तो लेखी देणे, यापेक्षा सोपी खूण सामान्य ग्राहकाकडे नाही.

मीठ हा या थराचा शत्रू. मिठातील क्लोराइड एखाद्या बिंदूवर थर भेदते, तेथे झालेल्या खळग्यातील द्रव आम्लधर्मी होत जातो आणि खळगा स्वतःच स्वतःला खोल करतो. बुडाशी न विरघळता बसलेल्या खड्यांखाली हे सर्वांत लवकर घडते, म्हणून मीठ उकळत्या पाण्यात घालून ढवळावे आणि खारट पदार्थ रात्रभर भांड्यात ठेवू नये. समुद्रकाठी नित्य जाणाराला दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असलेली ३१६ ही जात जास्तीच्या किमतीची भरपाई करते. इतरांना तिची गरज नसते. जाळावर चढल्यानंतर पेल्यावर दिसणाऱ्या सोनेरी आणि निळ्या छटांना मात्र घाबरू नये. तापल्याने ऑक्साइडचा थर जाड होतो आणि त्यातून परतणाऱ्या प्रकाशकिरणांच्या व्यतिकरणाने, म्हणजे किरण एकमेकांत मिसळून काही रंग वाढल्याने आणि काही मावळल्याने, ते रंग दिसतात. बाहेरची काजळीही मी पुरती घासून काढत नाही, कारण काळा पृष्ठभाग निखाऱ्यांची प्रारित उष्णता लखलखीत पृष्ठभागापेक्षा अधिक शोषतो. फक्त तिचे जाड पापुद्रे निघतील तेवढे काढतो.

बाटली थेट जाळावर ठेवायची असेल तर ती एकेरी भिंतीची आणि बाहेरून न रंगवलेली असली पाहिजे. पदार्थ गरम ठेवणाऱ्या दुहेरी भिंतीच्या बाटलीत दोन पत्र्यांमध्ये निर्वात पोकळी असते. जेम्स ड्युअर यांची १८९२ सालची ही युक्ती उष्णता अडवण्यासाठी आहे, आणि ती जाळाचीही उष्णता अडवते : आतले पाणी बाहेरच्या पत्र्याला गार ठेवू शकत नाही, पत्रा बेसुमार तापतो आणि सीलबंद पोकळी फुटू शकते. एकेरी बाटलीचेही बूच तापवण्यापूर्वी पूर्ण काढून बाजूला ठेवावे. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे-सतराशे पट जागा मागते, आणि घट्ट आट्यांच्या बुचाने ती नाकारली तर बाटलीचा स्फोट होतो. गोठणाऱ्या थंडीत हीच गोष्ट उलट दिशेने घडते. बर्फ होताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगते, म्हणून रात्री बाटली गळ्यापर्यंत भरू नये.

पाणी निर्जंतुक करण्यासाठी अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था, सीडीसी, खळखळून एक मिनिट उकळण्यास सांगते, आणि सुमारे दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटे. उंचीवर दर तीनशे मीटरला उत्कलनबिंदू जवळपास एक अंशाने उतरतो, त्याची ही भरपाई. पेल्याच्या आत मिलिलिटरच्या खुणा कोरलेल्या असल्या तर मोजून पाणी घेता येते आणि इंधन वाया जात नाही.

मुठीबद्दल एवढेच की ती वेल्डिंगने किंवा रिव्हेटने पक्की बसवलेली असावी, उघडल्यावर खटका बसून स्थिर राहावी, आणि तिच्यावर रबराचे आवरण नसावे, कारण जाळात ते आधी जळते. आडव्या मुठीखेरीज वरून टांगण्याची कडी असेल तर फारच बरे.

शेवटी फटीचा प्रश्न, ज्याकडे मी स्वतः एकदा दुर्लक्ष केले. ओली बाटली पेल्यात घालून झोपलो, रात्री मधले पाणी गोठले आणि सकाळी दोन्ही एकजीव झालेले होते. दहा सेंटिमीटर व्यासाचा स्टीलचा पेला साठ अंशांनी तापवला तरी त्याचा व्यास जेमतेम ०.१ मिलिमीटरने वाढतो. माझी सुटका त्या प्रसरणाने झाली नाही, पेला निखाऱ्यांजवळ धरून मधला बर्फ वितळवला तेव्हा झाली. काजळीने किंवा पोचा पडल्याने अडकलेला पेला इतक्याने सुटेलच असे नाही. त्यामुळे दुकानातच बाटली पेल्यात घालून संच उलटा धरावा : पेला सावरत बाटली आपल्याच वजनाने सावकाश घसरू लागली तर फट पुरेशी आहे, आणि हलवूनही ती जागची सुटत नसेल तर तो संच फळीवर परत ठेवावा.