चिखल्याचा गळपट्टा फसवतो

हिवाळा सरता सरता धरणांचं पाणी उतरतं आणि काठाला ओल्या चिखलाची पट्टी उघडी पडते. नागपूरकडचं गोरेवाडा असो की नवेगाव खैरी, चिखल्या (प्लोव्हर) हे काठावरचे छोटे पक्षी शोधायचे ते तिथेच. आखूड चोच, टपोरे डोळे. तुरुतुरु धावायचं, खटकन थांबायचं, वाकून टिपायचं. चोच सारखी खुपसत फिरणारा असेल तर तो तुतवार नाहीतर टिलवा.

खरा घोळ होतो छोटा कंठेरी चिखल्या आणि केंटिश चिखल्या यांच्यात. दोघंही जेमतेम १५-१७ सेंटीमीटरचे. चित्रात कंठेरीच्या छातीवर अखंड काळा पट्टा असतो, केंटिशचा मधोमध तुटलेला. पण तरुण कंठेरीचा पट्टा तपकिरी असतो, बरेचदा तुटलेलाही. तोच मग 'केंटिश' म्हणून वहीत जातो!

म्हणून आधी पाय बघावेत. कंठेरीचे फिकट पिवळसर-गुलाबी, केंटिशचे काळपट. अर्थात चिखलाने माखलेले पाय सगळ्यांचेच काळे. डोळ्याभोवतीचं पिवळं कडं कंठेरीचंच, पण हिवाळ्यात तेही फिकं पडतं. तेव्हा पक्षी उडेपर्यंत दम धरा: पंखावर ठळक पांढरी रेघ दिसली तर केंटिश, जवळपास कोरा पंख असेल तर कंठेरी. उडताना कंठेरी उतरत्या सुरात 'पिऊ' म्हणतो. आमच्या मते हीच सगळ्यात भरवशाची खूण.

वाळूचिखल्या मुख्यतः समुद्रकाठचा. इथे तसा संशय आलाच तर मानेचा मागून फोटो घ्या. कंठेरी-केंटिशला असते ती पांढरी कॉलर त्याला नसते. मोठ्या चिखल्यांत सोन चिखल्या आणि करडा चिखल्या यांचा निकाल पंखाखालच्या काखेत लागतो. करड्याची काख काळी असते.

सूर्य पाठीशी घेऊन उजाडताच बसावं. ऊन चढलं की चिखलावरची हवा थरथरते आणि ६० पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतही पायांचा रंग कळत नाही; तेव्हा झूम कमी करून पाहिलेलं बरं.

मार्च ते मे दरम्यान मात्र काठच्या गोट्यांवरून चालू नये. छोटा कंठेरी तिथेच उथळ खळग्यात अंडी घालतो, बहुधा चार, हुबेहूब खड्यांसारखी. समोर एखादा पक्षी पंख मोडल्यासारखा फरफटत चालला, तर घरटं जवळपासच आहे. अशा वेळी आल्या पावलांच्या ठशांवर पाय देतच मागे फिरावं.