माना इवाबुची आणि वळण्याचं विज्ञान

२७ जून २०१५, कॅनडातलं एडमंटन. महिला विश्वचषकाचा उपांत्यपूर्व सामना, जपान विरुद्ध ऑस्ट्रेलिया, आणि शेवटची काही मिनिटं उरली तरी दोन्ही बाजूंना शून्य. बदली खेळाडू म्हणून उतरलेल्या माना इवाबुचीनं ८७व्या मिनिटाला गोलसमोरच्या झटापटीत सुटलेला चेंडू आत ढकलला आणि गतविजेता जपान उपांत्य फेरीत पोचला.

इवाबुचीची उंची जेमतेम १५६ सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट दीड इंच. चाहते तिला कौतुकानं ‘मानादोना’ म्हणत, अर्थातच मॅराडोनावरून. तोही ठेंगणाच. उंची कमी असूनही ती चमकली, असं सगळे म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. हवेतल्या चेंडूसाठी उंची लागते, हे कबूल. पण इवाबुचीचं हुकमी अस्त्र होतं चेंडू पायाशी ठेवून अचानक वळणं, आणि तिथं लहान चण चक्क उपयोगी पडते.

गिरकी घेताना हात पसरले की वेग मंदावतो आणि जवळ घेतले की वाढतो, हे लहानपणी प्रत्येकानं अनुभवलेलं असतं. वस्तुमान अक्षापासून जितकं लांब, तितकं फिरवणं जड. या जडपणाला ‘जडत्व आघूर्ण’ म्हणतात, आणि ते वस्तुमान गुणिले अंतराचा वर्ग या हिशेबानं वाढतं. आता एकाच बांध्याच्या दोन खेळाडू कल्पा, एक १५६ सेंटिमीटरची, दुसरी सुमारे १७२ सेंटिमीटरची. उंचीतला फरक फक्त १० टक्के. वजन लांबी, रुंदी, जाडी अशा तिन्ही अंगांनी वाढत असल्यानं ते ३३ टक्क्यांनी जास्त भरतं. जडत्व आघूर्ण तर तब्बल ६१ टक्क्यांनी. स्नायूंची ताकद मात्र त्यांच्या आडव्या छेदावर ठरते, त्यामुळे ती २१ टक्केच वाढते. उंच खेळाडूच्या हाडांची तरफ लांब असते, तो फायदा धरूनही तिचा फिरवणारा जोर ३३ टक्क्यांपुढे जात नाही.

जडपणा जोराच्या मानानं सुमारे २१ टक्के जास्त, आणि वळायचा वेळ या तफावतीच्या वर्गमुळाच्या हिशेबानं बदलतो. याचा अर्थ, तेवढ्याच कोनात वळायला ठेंगणीला साधारण १० टक्के वेळ कमी लागतो. अर्ध्या सेकंदाच्या वळणात वाचला सेकंदाचा विसावा भाग. ऐकायला किरकोळ. पण सेकंदाला सहा मीटर वेगानं धावणारी खेळाडू तेवढ्यात ३० सेंटिमीटर पुढे सरकते, आणि बचावपटूचा पाय चुकवायला एवढं अंतर पुष्कळ झालं. खरी शरीरं अशी मापात कापलेली नसतात, सराव आणि नजर यांचा वाटा मोठा असतो, हे सगळं मान्य करूनही हिशेबाची दिशा बदलत नाही.

तिची जन्मतारीखही मजेशीर आहे: १८ मार्च १९९३. जपानमध्ये शाळेचा वर्ग ठरतो तो २ एप्रिल ते पुढच्या १ एप्रिलपर्यंत जन्मलेल्या मुलांचा. (आपल्याकडे एका पिढीत निम्मा गाव १ जूनला जन्मायचा. तिथं हिशेब काटेकोर.) म्हणजे वर्गातली काही मुलं तिच्याहून साडेअकरा महिन्यांनी मोठी. सहा-सात वर्षांच्या वयात हे अंतर प्रचंड असतं. प्रशिक्षक अंगापिंडानं मोठ्या मुलांना गुणी समजून निवडतात, त्यांना जास्त सराव मिळतो आणि फरक वाढत जातो. याला ‘सापेक्ष वय परिणाम’ म्हणतात. जपानच्या पुरुष व्यावसायिक फुटबॉलमध्ये एप्रिल ते जून या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी दिसते ती यामुळेच. मुलींच्या खेळात जागांसाठी चुरस कमी असल्यानं हा परिणाम सहसा सौम्य असतो. शिवाय इवाबुची थोरल्या भावाच्या मागोमाग मुलांमध्ये खेळायला लागली. धक्काबुक्कीत निभाव लागणार नसेल तर चेंडू लपवायला आणि चटकन फिरायला शिकावंच लागतं. २००८च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात, पंधराव्या वर्षी, सर्वोत्तम खेळाडूचा ‘गोल्डन बॉल’ तिला मिळाला. जपान तेव्हा उपांत्यपूर्व फेरीतच हरलं होतं! २०११चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघातही सगळ्यात धाकटी तीच.

या वळणांचा भार गुडघा सोसतो. पाय रोवून दिशा बदलताना मांडीचं हाड आणि नडगी यांना बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधांवर पीळ बसतो. त्यातला पुढचा तिरका अस्थिबंध, म्हणजे एसीएल, महिला फुटबॉलपटूंमध्ये पुरुषांच्या दुपटी-तिपटीनं फाटतो. चित्रफितींच्या अभ्यासातून दिसतं, की पाय टेकल्यावर सुमारे ४० मिलिसेकंदांत इजा होऊन जाते. मेंदूला सावरायला तेवढा वेळच मिळत नाही, त्यामुळे योग्य हालचाल आधीच अंगात मुरलेली हवी. फिफानं प्रसार केलेला वीस मिनिटांचा ‘११+’ हा वॉर्मअप त्यासाठीच आहे. नॉर्वेतल्या किशोरवयीन मुलींवर त्याची मोठी चाचणी झाली, तेव्हा गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. महिलांमध्ये हे प्रमाण जास्त का, यावर वाद आहे. कुणी संप्रेरकांकडे बोट दाखवतं, कुणी उडीनंतर पाय टेकण्याच्या पद्धतीकडे, तर कुणी पुरुषांच्या साच्यावर बेतलेल्या बुटांकडे. मला सराव-सुविधांची तफावत जास्त महत्त्वाची वाटते. संप्रेरकांवर बोलणं सोपं, फिजिओ नेमणं खर्चिक.

इवाबुचीलाही गुडघ्यानं छळलं. बायर्न म्युनिककडून दोनदा जर्मन विजेतेपद मिळवून ती २०१७मध्ये मायदेशी कोबेला परतली, ती दुखापतींनी बेजार होऊनच. पुढच्याच वर्षी मात्र जॉर्डनमध्ये जपाननं आशिया चषक जिंकला आणि सर्वोत्तम खेळाडू ठरली इवाबुची. मग अ‍ॅस्टन व्हिला, आर्सेनल हे इंग्लंडमधले क्लब. टोकियो ऑलिम्पिकमध्ये दहा नंबरची जर्सी घालून कॅनडाविरुद्ध ८४व्या मिनिटाला बरोबरीचा गोलही तिनं केला. २०२२च्या आशिया चषकात जपानचे गटसामने पुण्यात बालेवाडीला झाले, पण भारतात उतरताच तिला कोविड निघाला. २०२३च्या विश्वचषकासाठी तिची निवड झाली नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, तिसाव्या वर्षी, तिनं निवृत्ती जाहीर केली. जपानसाठी ८९ सामने, ३७ गोल.