चावीचा ग्रामोफोन विकत घेण्याआधी एवढं बघा

आमच्या ग्रामोफोन दुरुस्तीच्या दुकानात पितळी कर्ण्याचं लखलखीत यंत्र काउंटरवर ठेवलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, “किती जुनं असेल हो?” आमचं उत्तर ऐकून बऱ्याच जणांचा चेहरा पडतो, कारण पेटी अलीकडेच कुणीतरी ठोकलेली असते. मुंबईच्या चोर बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात आणि आता मोबाईलवरही असा माल रग्गड मिळतो. म्हणून हे पत्रक.

आधी एक खुलासा. एडिसनचा 1877 सालचा फोनोग्राफ नळीवर आवाज कोरायचा आणि नळीवरूनच वाजवायचा. पुढे मेणाच्या नळ्या आल्या. त्या यंत्रांना आम्ही हात लावत नाही. आमचं काम तबकडीच्या यंत्रांचं.

डुप्लिकेट कसा ओळखाल?

आधी कर्ण्याकडे नका बघू, कारण डोळे दिपवण्यासाठीच तो बसवलेला असतो. पेटी उलटी करा. तळाला नवं प्लायवूड, आतल्या कोपऱ्यांत पॉलिशचे ओघळ, चकचकीत स्टार स्क्रू दिसले की समजून जा. मग साउंडबॉक्स (सुई धरणारा, आत पडदा असलेला गोल डबा) जिच्या टोकाला असतो ती नळी, म्हणजे टोनआर्म बघा. चांगल्या जुन्या यंत्रात ती साउंडबॉक्सपाशी बारीक असते आणि कर्ण्याकडे हळूहळू रुंद होत जाते. नकलेत बहुधा सरळसोट पाइप असतो आणि कर्ण्याच्या सांध्यात बोट जाईल एवढी फट. आवाज तिथूनच गळतो.

ग्रामोफोन ऐकणाऱ्या एचएमव्हीच्या कुत्र्याच्या पाटीवर तर अजिबात भुलू नका. फ्रान्सिस बरॉड या चित्रकाराचं ते चित्र ग्रामोफोन कंपनीने 1899 मध्ये विकत घेतलं. पाटीवर कुत्रा आणि दुकानदार म्हणतोय “1890 चा पीस आहे साहेब”, तर तिथूनच नमस्कार करा.

आम्हाला सगळ्यात जास्त राग येतो तो मोटरचा. ती बऱ्याचदा खरीच जुनी असते, पण एखाद्या चांगल्या पोर्टेबलमधून उचकटून काढलेली. म्हणजे एक नकली उभा करायला एक अस्सल मारलेला.

मग घ्यायचं काय?

ऐकायला हवा असेल तर बिनकर्ण्याची पोर्टेबल पेटी घ्या. एचएमव्हीचं 101 मॉडेल 1925 मध्ये आलं, 102 हे 1931 मध्ये. दोन्हींत कर्णा पेटीच्या पोटात दुमडलेला असतो आणि आवाज झाकणावर आपटून समोर येतो, म्हणून झाकण पूर्ण उघडूनच वाजवायचं. 101 वर बहुतेक चार नंबरचा साउंडबॉक्स असतो, अभ्रकाच्या पडद्याचा. 102 वर बहुधा 5-ए किंवा 5-बी, ॲल्युमिनियमच्या पडद्याचा. आमचं मत विचाराल तर 102. तिचा आवाज भरदार आहे. फक्त साउंडबॉक्सची पाठ नीट तपासा. ती जस्ताच्या मिश्रधातूची असते, काळानुसार फुगते आणि तडकते. तडकलेली पाठ दुरुस्त होत नाही.

दोन यंत्रं ताडून बघताना

तबकडी एकच, सुई दोन्हीकडे कोरी आणि वेग सारखा, एवढं पाळलंत तरच तुलनेला अर्थ आहे. वेग बघायला तबकडीखाली कागदाची पट्टी अडकवा आणि एका मिनिटात ती किती वेळा समोरून जाते ते मोजा. 78 यायला हवेत. वेग तपासायची ठिपक्यांची चकती असेल (वेग बरोबर असला की ठिपके स्थिर दिसतात) तर ती जुन्या पिवळ्या बल्बखाली धरा, बऱ्याच एलईडी दिव्यांत ती दगा देते.

मग नाट्यसंगीताची एखादी बाजू अखेरपर्यंत ऐका. गळ्यापेक्षा साथीच्या ऑर्गनकडे कान द्या. त्याचा लांब सूर शेवटाकडे उतरायला लागला, तर स्प्रिंग थकली आहे किंवा गव्हर्नरला, म्हणजे वेग सारखा ठेवणाऱ्या भागाला, तेल-पाणी हवंय. मधूनच पेटीत ‘धप्’ वाजलं, तर स्प्रिंगचं ग्रीस वाळलंय. हे काम सोपं आहे, त्यापायी सौदा मोडू नका. वरच्या तानेला आवाज फाटतो, चरचरतो? साउंडबॉक्सचे रबर कडक झालेत. तेही बदलता येतात. भावात मात्र तेवढं कापून घ्या.

तबकडीचं वयही बघा. 1925 च्या आधीचं ध्वनिमुद्रण थेट कर्ण्यात गाऊन झालेलं, त्यानंतर मायक्रोफोन आला. गौहरजानची जुनी तबकडी अभ्रकाच्या साउंडबॉक्सवर खुलते, तर 1930 नंतरची बालगंधर्वांची पदं 102 वर. एकाच तबकडीवरून दोन यंत्रांचा निकाल लावू नये.

सुईवर कंजुषी नको

एक बाजू, एक सुई. जुन्या तबकडीत लाखेबरोबर दगडाची पूड असते आणि पोलादी सुई त्यावर घासून तीन-चार मिनिटांत बोथट होते. भिंगातून बघा, टोकाला चपटी चकाकी दिसेल. तीच सुई परत लावलीत तर ती तबकडी कातते. आणि लाँग प्ले रेकॉर्ड या यंत्रावर चुकूनही नको. साउंडबॉक्सचं वजन शंभर ग्रॅमच्या पुढे असतं, एकदाच वाजवलीत तरी तिच्या बारीक खाचांची वाट लागते.

मुलांकडे परदेशी पाठवायचा असेल तर

आजोबांचा ग्रामोफोन न्यू जर्सीला न्यायचाय, हे आता वरचेवर ऐकतो. 1972 च्या पुरावशेष कायद्यामुळे शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. पहिली 101 मॉडेलं आता त्या वयात आली आहेत. वस्तू त्याहून नवी असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला घ्या आणि मगच पॅकिंगचं बोला.

आमच्याकडे आणताना

चावी पूर्ण उतरू द्या. साउंडबॉक्स काढून वेगळ्या कापडात गुंडाळा. तबकडी ठेवायची फिरती ताटली आणि चावी द्यायचं हँडल सोबत हवंच, हँडल घरी राहिलं तर यंत्र तपासता येत नाही. स्प्रिंगचा डबा घरी उघडू नका, स्प्रिंग उसळून हात फाडते. तपासणी तुमच्यासमोर होते, जुना सुटा भाग तुम्हाला परत मिळतो आणि यंत्र नकली निघालं तर आम्ही दुरुस्ती घेत नाही, पण तपासणीचे पैसेही घेत नाही.